‘खा’ म्हणणारा माणूस

आमच्या सोसायटीच्या आतल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बकुळी आहेत. बिल्डरच्या लँडस्केपवाल्यानं त्या यादीतून निवडल्या असणार. वर्षभर हिरवं राहणारं, दाट सावलीचं, छाटलं की गोल आकार धरणारं झाड. फुलं पडतात तेव्हा काहीजणी ती वेचतात. फळं पडतात तेव्हा कुणी वाकत नाही. लांबट बोरासारखी केशरी-पिवळी फळं गाड्यांच्या चाकांखाली चिरडतात आणि सकाळी झाडूनं गोळा होतात.

एका रविवारी माझी सात वर्षांची भाची घरी आली होती. तिनं त्यातलं एक फळ उचललं. “मामा, हे खायचं असतं का?”

“नको, टाक ते,” मी म्हणालो. एका सेकंदात. विचार न करता.

मग तिनं असा प्रश्न विचारला, की मला उत्तरच सुचेना. “तू खाऊन बघितलंयस?”

मी फोन काढला. अ‍ॅपमध्ये पानाचा, फळाचा फोटो टाकला. अ‍ॅपनं बरोबर ओळखलं: बकुळ. पण नाव कळलं म्हणून हात तोंडाकडे जाईना. अ‍ॅपची चूक झाली तर अ‍ॅपचं पोट दुखणार नव्हतं.

तेवढ्यात रस्ता झाडणाऱ्या मावशी जवळ आल्या. “बकुळीचं आहे ते. खातात की! आम्ही लहानपणी लई खाल्ली.” त्यांनी झाडावरचंच एक पिकलेलं फळ तोडलं, पदराला पुसलं, मधोमध फोडलं. अर्धं आधी स्वतःच्या तोंडात टाकलं आणि मग उरलेलं भाचीला दिलं. मलाही एक तोडून दिलं.

खरं सांगतो, चव काही फार मोठी नाही. पहिला घास पिठूळ, गोडसर. मग तुरटपणा येतो आणि जीभ टाळूला चिकटल्यासारखी होते. आत चकचकीत तपकिरी बी. भाचीनं ती हातावर घेऊन पाहिली आणि म्हणाली, “हा चिकू आहे?” मी हसलो. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की बकुळ आणि चिकू वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले आहेत. मुलीनं बी बघून नातं ओळखलं होतं.

जाताना मावशींनी गेटजवळच्या पिवळ्या फुलांच्या कुंपणाकडे बोट केलं. “पण बाळा, त्या बिट्टीला तोंड नाही लावायचं हां. विषारी असते ती.”

त्यांच्या ‘खा’पेक्षाही हे वाक्य माझ्या जास्त लक्षात राहिलं. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, आपण सगळीकडे कुंपणाला लावतो. तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः बियांत, हृदयावर परिणाम करणारं विष असतं. मावशींना दोन्ही गोष्टी माहीत होत्या. मला एकही नाही. तरी त्या क्षणी मी जबाबदार वाटत होतो आणि त्या बेफिकीर.

एखादं फळ खाण्यासारखं आहे हे आपल्याला कळतं तरी कसं? न्यायदर्शनानं खऱ्या ज्ञानाचे चार मार्ग मानले आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गंमत म्हणजे रस्त्यावरच्या एका फळापुढे चारही कामाला लागतात.

प्रत्यक्ष म्हणजे स्वतः चाखणं. पण बिट्टीच्या बाबतीत हा प्रयोग करायची कुणाचीच ऐपत नाही. अनुमान म्हणजे पक्षी खातात, म्हणजे आपल्यालाही चालेल, असा तर्क. हाही फसवा. कोकीळ बिट्टीची फळं खातो आणि त्याला काही होत नाही. उपमान म्हणजे सारखेपणावरून ओळखणं. गवय नावाचा प्राणी गाईसारखा दिसतो, एवढं ऐकलेला माणूस रानात त्याला पहिल्यांदा पाहूनही ओळखतो, हे त्याचं जुनं उदाहरण. भाचीनं चिकूच्या बीवरून केलं ते याच्या जवळचं. पण सारखेपणा दगाही देतो. कडुनिंबाची पिकलेली लिंबोळी पिवळी, कडवट-गोड असते. ती अनेकांनी लहानपणी चोखली आहे. बकाणा निंब हे त्याचं जवळचं नातेवाईक झाड जांभळट फुलांसाठी बागेत लावतात. त्याची फळंही पिवळीच, पण माणसाला विषारी. फरक बघायचा तर पान बघावं लागतं. कडुनिंबाच्या एकाच दांड्याला दोन्ही बाजूंनी पात्या असतात, तर बकाण्याच्या दांड्याला पुन्हा छोटे दांडे फुटतात. लिंबोळी लांबट असते आणि पावसाच्या सुमारास पिकते. बकाण्याची गोल फळं थंडीत, पानं गळलेल्या झाडावरही घोसांनी लटकत राहतात.

उरतो शब्द, म्हणजे आप्ताचं सांगणं. रोजच्या मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायदर्शनात आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो असा माणूस. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन तर पुढे म्हणतो, की हे लक्षण ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्त होण्यासाठी जन्म, पद, डिग्री लागत नाही. दोनच गोष्टी लागतात: माहिती आणि प्रामाणिकपणा.

या कसोटीवर त्या रविवारी मावशी आप्त होत्या. मी नुसताच मामा होतो.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. कुणीतरी बाल्कनीतून पाहिलं होतं. ‘सफाई कर्मचाऱ्यांनी लहान मुलांना झाडाची फळं वगैरे देऊ नयेत. काही झालं तर जबाबदार कोण?’ खाली पटापट अंगठे. मीही तो वाचला. लिहायला घेतलं, की ती माझी भाची होती, मी तिथेच उभा होतो, मीही खाल्लं. मग वाटलं, उगाच वाद कशाला? फोन बाजूला ठेवला.

मेसेज लिहिणारीला मी वाईट म्हणत नाही. तिचीही लहान मुलं आहेत आणि गेटजवळ बिट्टी आहेच. बकाणा निंबाचा घोळ कुणाचाही होऊ शकतो. शिवाय कुठल्या झाडावर कधी काय फवारलं, हे कुणी सांगत नाही. भीती खरी होती.

पण तिचा प्रश्न मी परत परत वाचला. जबाबदार कोण? भाचीचं पोट दुखलं असतं तर मावशींचं काम गेलं असतं. त्यांनी ‘खा’ म्हणताना केवढं पणाला लावलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी मात्र ‘नको’ म्हणून पूर्ण सुरक्षित होतो. ‘नको’ म्हणणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. दहा वेळा चुकीचं ‘नको’ म्हटलं, तरी त्याची तक्रार कुठल्याच ग्रुपवर येत नाही. म्हणून आपल्याला ‘नको’ म्हणजे निष्पाप उत्तर वाटतं.

ते तसं नाही. ‘नको’मुळे काय जातं, ते दिसत नाही एवढंच. मुंबई-पुण्यात फुटपाथवर सिंगापूर चेरी असते, तिची लाल फळं मुठीत मावतील तितकी गोळा करावीत. जुन्या कुंपणांना विलायती चिंच असते, वळलेल्या शेंगांत पांढरा-गुलाबी गर. देशी बदामाचं फळ दगडानं फोडलं की आत बारीकसं बी निघतं. यातली कुठलीच चव सुपरमार्केटच्या डब्यातल्या ब्लूबेरीला हरवेल असं नाही. पण ब्लूबेरी आपण डोळे झाकून खातो, कारण डब्यावर कुणाचं तरी नाव छापलेलं असतं. झाडाखालच्या फळाला नाव द्यायला माणूस लागतो. आपण त्या माणसाला गप्प केलं, तर झाड तिथेच राहतं आणि फळ कचरा होतं.

आणि सगळ्याला ‘नको’ म्हणणारा मुलांना बिट्टीपासूनही वाचवत नाही. ज्या मुलाला सगळंच विषारी सांगितलं, त्याला एक दिवस कळतं की बकुळ विषारी नव्हती. मग बिट्टीबद्दलचं त्यानं का ऐकावं? मावशींच्या ‘बिट्टी नाही’वर भाचीनं लगेच विश्वास ठेवला, कारण त्याआधी त्यांनी बकुळीचं फळ तिच्यासमोर स्वतः खाल्लं होतं.

दोन दिवसांनी मी ग्रुपवर लिहिलं. फळ बकुळीचं होतं, माझ्यासमोर दिलं, मीही खाल्लं, जबाबदार मी. फक्त एक अंगठा आला. तोवर सुपरवायझर मावशींशी बोलून झाला होता.

पुढच्या रविवारी भाचीनं देशी बदामाचं फळ उचलून त्यांच्याकडे नेलं. मावशींनी झाडू थांबवला नाही. “मला नाय माहीत बाळा. मामांना विचार.”

त्यांना माहीत होतं. माझ्या दोन दिवसांच्या गप्प बसण्यानं त्यांच्या तोंडी हे वाक्य घातलं.

भाची फळ घेऊन माझ्याकडे आली. या वेळी मी ‘नको’ही म्हटलं नाही आणि ‘खा’ही नाही. आम्ही पान बघितलं, फळ बघितलं, झाडाच्या आडव्या मजल्यांसारख्या फांद्या बघितल्या. मग मी मावशींकडे गेलो आणि म्हणालो, “मावशी, मला शिकवा. तिला मी देईन, तुमचं नाव नाही येणार.”

त्या थोडा वेळ झाडत राहिल्या. मग म्हणाल्या, “दगड आणा.”