'एम' खाली सापडलेला नकाशा

9 जून 1855 रोजी याकामा या मूलनिवासी लोकांच्या प्रमुखांनी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन प्रदेशाचे गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांच्याबरोबर करारावर खुणा केल्या. 1 कोटी एकरांहून अधिक मुलूख त्यांनी सोडला. बदल्यात एक राखीव क्षेत्र कायमचे त्यांचे राहणार होते. त्याची हद्द वाटाघाटीत नकाशावरून समजावण्यात आली होती.

पुढे तो नकाशाच सरकारी दप्तरात हरवला.

मोजणीदारांच्या हाती उरला तो कराराचा इंग्रजी मजकूर. त्यात हद्द डोंगराच्या सोंडेवरून, नद्यांच्या उगमांवरून सांगितलेली. पण ते वर्णन प्रत्यक्ष भूगोलाशी जुळत नाही. माउंट अॅडम्सच्या परिसरातला सुमारे 1 लाख 21 हजार एकरांचा तुकडा, ज्याला 'ट्रॅक्ट डी' म्हणतात, त्यामुळे वादात सापडला. वाद मिटेपर्यंत कोणी थांबले नाही. बरीच जमीन खासगी मालकांच्या नावे झाली, पर्वताचा पूर्व उतार राष्ट्रीय वनात गेला.

1930 मध्ये नकाशा सापडला. कारकुनाने तो 'एम' अक्षराखाली, बहुधा मोन्टानाच्या कागदांत, ठेवला होता. चूक एका फायलीची, आणि तिची किंमत मोजली ती ज्यांच्याकडे त्या दप्तराची किल्ली कधीच नव्हती त्यांनी. हा अन्याय अनवधानाने झाला असेलही. पण जमीन दुसऱ्याच्या नावे चढण्यासाठी कोणाच्या वाईट हेतूची गरज लागत नाही, हेच त्यातले भयंकर आहे.

नकाशा हाती आल्यावरही 1966 उजाडावे लागले, तेव्हा कुठे मूलनिवासींचे दावे ऐकणाऱ्या इंडियन क्लेम्स कमिशनने मान्य केले की हा तुकडा राखीव क्षेत्रातच धरायचा होता. मात्र हा आयोग फक्त पैसे देऊ शकत होता. याकामांना पर्वत हवा होता. अखेर 1972 मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी एका आदेशाने वनखात्याकडची सुमारे 21 हजार एकर जमीन परत केली. खासगी हातांत गेलेली शेते तशीच राहिली.

मग अशा शेतांच्या गावी कायदा कोणाचा? क्लिकिटॅट काउंटी तिथे फौजदारी अधिकार सांगू लागली, तेव्हा याकामांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. 2021 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने ट्रॅक्ट डी राखीव क्षेत्राचाच भाग ठरवला. करारातले संदिग्ध शब्द मूलनिवासींनी त्या वेळी जसे समजून घेतले असतील, तसेच वाचायचे, हे तत्त्व त्यामागे आहे. आणि ते न्याय्यच आहे, कारण मसुदा लिहिणारी बाजू एकच होती. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काउंटीचे अपील ऐकण्यास नकार दिला. मालकीचे सातबारे, म्हणजे तिथले खासगी दस्त, या निकालाने बदलले नाहीत. बदलली ती हद्द.