दुखणाइताने आनंद करावा काय?

तलासरी तालुक्यातील एका पाड्यावर राहणाऱ्या, आमच्याच मंडळीतील एका बाईंची हकीकत आम्ही येथे देतो. या बाईंच्या स्तनास कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे दर तीन आठवड्यांनी शिरेतून औषध देणे सुरू झाले. जाण्यायेण्याच्या खर्चासाठी मंडळीने वर्गणी केली. चौथ्या खेपेचे औषध घेऊन अठरा दिवस लोटले असता त्या आपल्या बहिणीसह बोर्डीच्या समुद्रावर गेल्या, सुरूच्या झाडांखाली बसल्या, मुलांबरोबर हसल्या आणि सायंकाळी घरी परतल्या. एवढ्यावरून पाड्यात कुजबुज उठली. पाण्यावर एकीने विचारले, "काय गं बाय, औषध संपलं का? मग दर्या कसा सुचला?" दुसरी म्हणाली, "आम्ही पैसे दिले ते हिच्या फिरण्याला काय?"

कबूल करण्यास लाज वाटते, तथापि सांगितले पाहिजे की, ही गोष्ट कानी आली तेव्हा आमच्याही मनात तोच विचार आला. आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि बरे वाटेपर्यंत घरीच राहावे असा उपदेश केला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पाळकसाहेब, बरी झाल्यावरच हसायचं, तर मग बरी झालेच नाही तर कधी हसू?"

या प्रश्नास त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो आम्ही पुष्कळ दिवस मनात वागविला; आज वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या खेड्यांतील लोकांस हिवतापाचा परिचय आहे. ताप आला की मनुष्य घोंगडी घेऊन निजतो. ताप उतरला की कामास जातो. आजारी आणि बरा या दोहोंमध्ये मधली स्थिती आपण फारशी जाणत नाही. कर्करोगाची गोष्ट निराळी आहे. शस्त्रक्रिया, औषधाच्या खेपा, कित्येकांस आठवडेच्या आठवडे किरणांचा उपचार, आणि सर्व संपल्यावरही कित्येक वर्षे तपासणी, असा त्याचा क्रम आहे. 'आता पूर्ण बरा झालो' असे छातीवर हात ठेवून सांगता येईल असा दिवस फार दूर असतो आणि काहींस तो दिसतही नाही. तोवर आनंद बंद ठेवावा असा नियम केला, तर आपण त्या मनुष्याचे आयुष्यच बंद केले असे होईल.

डहाणूकडचा पावसाळा पाहा. आषाढ-श्रावणात मध्येच उघडीप पडते. पावसाळा संपला असे कोणी समजत नाही. तरीही त्या उन्हात लोक गोधड्या वाळवितात, ओली लाकडे पसरतात, मुले अंगणात धावतात. औषधाच्या दोन खेपांच्या मध्येही अशीच उघडीप असते. औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि पहिले एक-दोन आठवडे शरीर फार अशक्त असते. तिसऱ्या आठवड्यात पुष्कळांचे रक्त सुधारते आणि अंगात त्राण येते. त्या बाई समुद्रावर गेल्या त्या याच उघडिपीत. आम्ही मात्र त्यांस पावसाळ्याची आठवण करून देण्यास गेलो.

दुखणाइताचा प्रवास म्हणजे काय हेही निंदा करणाऱ्यांनी ध्यानात आणावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले. तेव्हापासून दूरदूरचे रोगी तेथे जात आले आहेत. तलासरीकडचा मनुष्य आधी रस्त्याने डहाणू रोड स्टेशनावर येतो. तेथून चर्चगेट १२४ किलोमीटर आहे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल गाडी येऊ लागली ही मोठी सोय झाली, तरी दादरला उतरेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ जातोच. ज्यांस रोज उपचार घ्यावा लागतो त्यांस घरी परतणे शक्य नसते. ते दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी मुक्काम करतात. वैतरणा खाडीचा पूल ओलांडताना जो मनुष्य इतके दिवस मांडीवरील कागदांची पिशवी घट्ट धरून बसला, त्याने एखाद्या दिवशी त्याच खिडकीतून पाण्याकडे नुसते पाहावे म्हणून पाहिले, तर त्यात पाप कोणते?

कोणी म्हणेल, असा आनंद फसवा असतो, कारण रोग उलटून येऊ शकतो. येतो, हे खरे. मराठी रंगभूमीचे सुप्रसिद्ध नट अतुल परचुरे यांचे उदाहरण घ्या. विवाहास पंचवीस वर्षे झाली म्हणून ते पत्नीसह ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड पाहण्यास गेले असता त्यांस अन्न जाईनासे झाले, आणि परतल्यावर यकृतात कर्करोगाची गाठ आढळली. कठीण उपचारांतून उठून ते पुन्हा अभिनय करू लागले. पुढे १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, वयाच्या ५७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मग उपचारानंतर त्यांनी केलेले काम आणि लोकांस हसविलेले क्षण व्यर्थ गेले काय? आमच्या मते नाही. शेवट कसा झाला यावरून मधल्या दिवसांची किंमत ठरत नाही. जेवण संपते म्हणून ते जेवण नव्हते असे कोणी म्हणत नाही.

आनंद म्हणजे दूरदेशी जाणेच असेही नव्हे. औषधाने कित्येकांच्या तोंडाची चव जाते. भाकरी मातीसारखी आणि पाणी लोखंडासारखे लागते. मग एके सकाळी घोलवडचा चिकू पुन्हा गोड लागतो. निरोग्यास त्याचे मोल कळणार नाही. याईराची कन्या उठली तेव्हा प्रभूने तिला खावयास देण्यास सांगितले, ही गोष्ट आपण पुष्कळदा वाचून पुढे जातो. जी उठली तिला प्रथम साधे जेवण मिळाले.

तथापि आनंदास विवेक हवा. बाहेर जाण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. रक्त उतरलेले असेल त्या दिवसांत जत्रेची गर्दी टाळावी, पाणी उकळलेले प्यावे, आणि किरण दिलेल्या कातडीस कडक ऊन लागू देऊ नये. अंगात १००.४ अंश ताप चढला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. सावकाराचे कर्ज काढून सहल करू नये. कर्करोग्यास रेल्वेची जी सवलत मिळते ती उपचारास व तपासणीस जाण्यासाठी आहे. फिरावयास जाताना पूर्ण तिकीट काढावे. आणि आनंद म्हणून ताडीचे मडके किंवा तंबाखूची डबी पुन्हा उघडणे हा स्वतःचाच घात होय.

दुसरी एक चूक आमच्यासारखे उपदेशक करतात. आनंदाची मनाई करणे जसे वाईट, तसेच आनंदाची सक्ती करणेही वाईट. जो मनुष्य वेदनेने भिंतीकडे तोंड करून निजला आहे त्यास 'हसा, म्हणजे बरे व्हाल' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. हसल्याने गाठ विरघळत नाही, आणि रडल्याने वाढत नाही. ज्या दिवशी रडू येईल त्या दिवशी जवळ बसावे. ज्या दिवशी हसू येईल त्या दिवशी वाटेत उभे राहू नये.

राहिला वर्गणीचा प्रश्न. आपण पैसे दिले ते त्या बाईंनी जगावे म्हणून दिले. त्या समुद्रावर गेल्या, म्हणजे जगल्या. मग आपला पैसा वाया कसा गेला? दान देऊन ज्याने घेणाऱ्याच्या हसण्यावर पहारा बसविला, त्याने दान केले नाही, उसने दिले.

आम्ही त्या घरी पुन्हा गेलो आणि आपली चूक कबूल केली. बाई म्हणाल्या, "बसा, चहा घ्या." त्यांच्या औषधाच्या खेपा अद्याप राहिल्या आहेत; पुढे काय होईल हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु गावोगावच्या मंडळ्यांस व उपदेशकांस आमची विनंती आहे की, आपल्या पाड्यात असा कोणी दुखणाईत असेल, तर त्याच्याकडे जाऊन औषधाची चौकशी जरूर करावी. आणि मग जरा बसून, काल काय पाहिले, काय गोड लागले, हेही विचारावे.