विसराळूपणाचा भार

कुटुंबाचे औषध आणावयास आम्ही दिंडोरीच्या बाजारात गेलो आणि द्राक्षांच्या भावाची चर्चा करून रिकाम्या हातांनी परतलो. या चंचलतेस आजवर आम्ही चिंतनशीलता म्हणत आलो. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (पहिला भाग, १९३४) पुन्हा वाचताना हे समाधान ढळले. रेव्हरंड टिळकांच्या विसराळूपणास आपण हसतो. हसणे गैर नव्हे, बाईंनीच हसविले आहे. पण ते जे विसरत, ते लक्षात ठेवण्याचे काम कोणाकडे येई? जलालपूरच्या या कन्येकडेच! विसरणे हा अपराध नव्हे, हे आम्हांस मान्य. मात्र त्याचा भार नित्य दुसऱ्याच्या स्मरणावर टाकून वर कौतुकाची अपेक्षा करावी, यास काय म्हणावे? औषध अखेर कुटुंबानेच, अंगात ताप असता, जाऊन आणिले.