हजार डॉलरांची पत

वाचकहो, लोकांच्या नजरेत आपली जी पत असते ती कोणाच्या मालकीची? आपली, की पाहणाऱ्यांची? प्रश्न जुना आहे. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याने १७५५ सालच्या विषमतेवरील प्रबंधात असे मांडले की, माणसे एकत्र जमून गाऊ-नाचू लागली, एकमेकांकडे पाहू लागली आणि आपल्याकडेही कोणी पाहावे असे प्रत्येकाला वाटू लागले, तेव्हाच विषमतेकडे पहिले पाऊल पडले. अशा गंभीर प्रश्नासाठी एका किशोरवयीन प्रेमविनोदी चित्रपटाकडे वळावे, याचे आपणांस कदाचित नवल वाटेल. परंतु शाळेच्या आवारात हा प्रश्न जितका उघडावाघडा दिसतो, तितका तो वडीलधाऱ्यांच्या सभेत दिसत नाही. तेथे त्यावर सभ्यतेचे पांघरूण असते.

चित्रपट आहे १९८७ सालचा ‘कान्ट बाय मी लव्ह’. दिग्दर्शक स्टीव्ह रॅश. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ट्यूसन शहरी राहणारा रोनाल्ड मिलर (पॅट्रिक डेम्प्सी) हा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या अंगणातील हिरवळ कापून दुर्बिणीसाठी पैसे साठवतो. शाळेत त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्याच शाळेतील सर्वांची लाडकी सिंडी मॅन्सिनी (अमांडा पीटरसन) आईचा महागडा पांढरा पोशाख न विचारता घालून एका मेजवानीस जाते आणि त्यावर मद्य सांडते. रोनाल्ड तिच्यापुढे हजार डॉलर ठेवतो. अट एकच : महिनाभर तिने त्याची प्रेयसी असल्याचा देखावा करावा.

चित्रपट तयार होत असताना त्याचे नाव ‘मुलगा मुलीला भाड्याने घेतो’ अशा अर्थाचे होते. पुढे बीटल्सच्या १९६४ सालच्या गाण्याचे नाव त्याला देण्यात आले. माझ्या मते पहिले नावच अधिक प्रामाणिक होते. कारण रोनाल्डला प्रेम विकत घ्यायचेच नव्हते. त्याला हवी होती सिंडीच्या शेजारी उभे राहिल्याने अंगावर पडणारी नजर. शोमरोनातील शिमोनाने प्रेषितांपुढे पैसे ठेवले, तेव्हा त्यालाही देवापेक्षा लोकांच्या डोळ्यांतील विस्मयच अधिक हवा होता, असे म्हणावेसे वाटते.

आणि सिंडीचे काय? तिची पत तरी स्वतःची होती काय? पोशाख आईचा, तोही न सांगता घेतलेला. म्हणजे हा व्यवहार एक श्रीमंत आणि एक दरिद्री यांच्यातला नव्हता. दोन भ्यालेली मुले एकमेकांकडून उसने घेत होती, इतकेच.

यानंतरचा एक प्रसंग हास्यासाठी घातलेला असला तरी विचार करायला लावतो. शाळेतील नृत्याच्या कार्यक्रमापूर्वी रोनाल्ड दूरदर्शन संचासमोर बसून नवी नृत्ये शिकू पाहतो आणि चुकून आफ्रिकेतील एका विधीचा माहितीपट पाहतो. कार्यक्रमात तो तसेच नाचतो, आणि क्षणभर गोंधळलेली सारी मुले त्याच्या मागोमाग तेच हातवारे करू लागतात. (आफ्रिकेतील लोकांच्या विधीचा असा हशासाठी वापर करणे मला रुचत नाही; पण तो मुद्दा वेगळा.) येथे कौतुक आहे, पण कौतुक करण्याजोगे काहीच नाही. प्रत्येकजण शेजाऱ्याकडे पाहून नाचतो आणि शेजारी त्याच्याकडे पाहून.

येथवर कोणाचे फारसे नुकसान झालेले नाही, असे आपण म्हणाल. मग केनेथकडे पाहा. केनेथ हा रोनाल्डचा लहानपणापासूनचा मित्र. हॅलोवीनच्या रात्री नवे सोबती रोनाल्डच्या निष्ठेची परीक्षा घेतात : केनेथच्या घरावर कुत्र्याची विष्ठा फेकायची. तो फेकतो. केनेथ त्याला पकडतो, ओळखतो आणि सोडून देतो. माझ्या दृष्टीने हा या चित्रपटातील सर्वांत गंभीर क्षण आहे. हजार डॉलर ही खरी किंमत नव्हतीच. ती रोनाल्डच्या घामाची होती आणि ती खर्च करण्याचा त्याला अधिकार होता. परंतु खरी किंमत केनेथने दिली, आणि त्याला तर कोणी विचारलेही नव्हते. पत टिकवण्यासाठी माणूस सहसा स्वतःच्या खिशातले देत नाही. तो जुन्या मित्राचे, गरीब नातलगाचे, ओळख दाखवायला लाज वाटते अशा माणसाचे देतो.

नववर्षाच्या आदल्या रात्री सिंडीच सर्वांसमोर सत्य सांगून टाकते. मुले संतापतात. पण त्यांची फसवणूक नेमकी कशी झाली? रोनाल्ड काल होता तोच आज आहे. ज्या कारणाने त्यांनी त्याला उचलून धरले ते कारणच पोकळ होते, हे त्यांना कळले. आणि त्याचा राग त्यांनी स्वतःवर काढला नाही.

शेवटी उपाहारगृहात क्विंट नावाचा दांडगा मुलगा केनेथच्या अंगावर जातो, तेव्हा रोनाल्ड मध्ये पडतो आणि आपण तिघे एकेकाळी मित्र होतो, याची आठवण देतो. येथे सिंडी मिळण्याची आशा नव्हती की पत परत येण्याची. आणि नेमक्या याच ठिकाणी चित्रपटकर्त्यांचा धीर सुटतो. हळूहळू टाळ्या सुरू होतात आणि सारे उपाहारगृह टाळ्यांनी दुमदुमते. ज्या जमावाने विधी-नृत्याची नक्कल केली, त्याच जमावाच्या या टाळ्या! ॲडम स्मिथ याने १७५९ साली नैतिक भावनांवरील ग्रंथात स्तुतीची इच्छा आणि स्तुतीस पात्र होण्याची इच्छा यांत भेद केला होता. चित्रपट अखेरच्या घटकेला दुसरीपाशी पोहोचतो खरा, पण तिच्या हाती पहिलीचे बक्षीस देऊनच त्याला चैन पडते. पुढे सिंडीही मैत्रिणींना सोडून रोनाल्डच्या हिरवळ कापण्याच्या यंत्रावर बसून निघून जाते.

वाचकहो, आपण हा चित्रपट मुलांसोबत पाहिलात, तर त्या टाळ्यांच्या वेळी आवाज बंद करून पाहा. कोणीही टाळी वाजवली नसती, मुले मान खाली घालून पुन्हा जेवू लागली असती, आणि रोनाल्ड आपली थाळी घेऊन केनेथसमोर येऊन उभा राहिला असता, तर केनेथने त्याला बसायला जागा करून दिली असती काय?