धम्मसभेला कोणी कोणाकडे जायचं?



आजचं वाचन विनयपिटकाच्या महावग्गातलं, उपोसथाच्या प्रकरणातलं आहे. विनय म्हटलं की आपण पान उलटतो. भिक्खूंचे नियम, आपला काय संबंध? पण आज त्यातले तीन प्रसंग सलग वाचूया. तिन्हींत प्रश्न एकच आहे. सभा ठरली आहे आणि कुणाला तरी तिथे पोचता येत नाही. मग काय करायचं?

पहिला प्रसंग सीमेचा. एका सीमेतल्या सगळ्या भिक्खूंनी उपोसथाला एकत्र यायचं, असा नियम होता. छब्बग्गिय भिक्खूंनी चार, पाच, सहा योजनांच्या सीमा आखून टाकल्या. लांबचे भिक्खू पोचायचे तेव्हा पातिमोक्खाचं पठण सुरू झालेलं असायचं, नाहीतर नुकतंच संपलेलं. काहींना वाटेतच मुक्काम करावा लागायचा. भगवंतांनी उशिरा येणाऱ्यांना बोल लावला नाही. त्यांनी सीमाच लहान केली. 3 योजनांहून मोठी सीमा आखायची नाही, असं ठरलं.

दुसरा प्रसंग नदीचा. नदीच्या दोन्ही काठांना धरून सीमा आखली गेली. सभेला येताना भिक्खू वाहून जाऊ लागले, कुणाची पात्रं-चीवरं वाहून गेली. तेव्हा नियम आला की जिथे कायमची नाव किंवा कायमचा पूल आहे, तिथेच नदीपलीकडे सीमा न्यायची. थोडक्यात, यायची सोय आहे का ते आधी बघा, सभेची हद्द मग ठरवा.

तिसरा प्रसंग आजारी भिक्खूचा. त्याला येता येत नसेल तर त्याने आपली परिशुद्धी, म्हणजे आपण शुद्ध असल्याचं निवेदन, दुसऱ्या भिक्खूच्या हाती पाठवावं. तेही जमत नसेल तर त्याला खाटेसकट उचलून सभेत आणावं. हलवल्याने आजार वाढेल किंवा जीव जाईल अशी भीती असेल, तर संघाने उठून त्याच्याकडे जावं आणि तिथेच उपोसथ करावा. अपुऱ्या संघाने मात्र उपोसथ करायचा नाही. केला तर दोष लागतो, आणि तो करणाऱ्यांना लागतो, अंथरुणावरच्या माणसाला नाही.

आपल्याकडे उलटं असतं. कार्यक्रम झाला की आपण म्हणतो, 'ज्यांना यायचं होतं ते आले.' या एका वाक्यात आपण न आलेल्याची इच्छाच नव्हती असं ठरवून मोकळे होतो. महावग्गात इच्छा आणि पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे वाचताना मला आमच्या भंडाऱ्याकडची एक वस्ती आठवते. 1959 मध्ये दलाई लामांना तिबेट सोडावं लागलं, त्यांच्यामागून हजारो लोक भारतात आले. त्यातल्या काहींसाठी 1972 मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगड परिसरात नोरग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. 1999 मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा झाला, पण वसाहतीच्या नावाला भंडारा आजही जोडलेलं आहे. नवेगाव बांधच्या जंगलपट्ट्यातली ही जागा. भंडारा शहर लांब, नागपूर त्याहून लांब.

त्या लोकांनी वसाहतीतच गोम्पा बांधला. पहिल्या प्रसंगातली लहान सीमा म्हणजे हीच. आपणही 1956 नंतर वस्तीवस्तीत विहार बांधले, ते याच शहाणपणातून. म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत जाता येईल इतकं अंतर.

पण हिवाळ्यात तिबेटी वसाहतींमधली बरीच कमावती माणसं स्वेटर विकायला शहरांत जातात. गाडी चालवणारे हात बाहेर आणि म्हातारी माणसं घरी. शहरातल्या मोठ्या धम्मसभेला यावं असं त्यातल्या एखाद्या आजीला वाटलं, तर ती कशी येणार? आणि आपण, त्याच तथागतांचं नाव घेणारे, त्या लोकांना कुठे भेटतो? बहुतेक जण स्वेटरच्या दुकानावर भेटतो. भाव करतो आणि निघतो.

इथे कोणी म्हणेल, त्यांची परंपरा वेगळी, भाषा वेगळी, त्यांचा गोम्पा आहे, आपला विहार आहे. मला हे पूर्ण पटत नाही, पण पूर्ण चूकही वाटत नाही. बाबासाहेबांनी दिलेला धम्म आणि तिबेटी परंपरा यांत खरे फरक आहेत, ते झाकायचं कारण नाही. शिवाय हे नियम भिक्खूसंघाचे, आपण उपासक. पण सगळं एकसारखं करा असं मी म्हणतच नाही. प्रश्न एवढाच आहे की मधलं अंतर दर वेळी कमी बळ असलेल्यानेच का तोडायचं?

दुसरं उत्तर आपल्या पिढीचं आहे: 'लिंक पाठवून देऊ.' मी सॉफ्टवेअरमध्येच काम करतो, लिंकची किंमत मला ठाऊक आहे. घरी अडकलेल्या माणसाला लाइव्ह प्रवचन ऐकता येतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तिसरा प्रसंग परत बघा. परिशुद्धीची दिशा उलटी आहे. सभेचा आवाज आजाऱ्याकडे जात नाही, आजाऱ्याचा शब्द सभेत येतो. आणि तो आणणाऱ्यावर जबाबदारी आहे. सभेत पोचून त्याने जाणूनबुजून सांगितलं नाही, तर दोष त्याचा. आजाऱ्याची परिशुद्धी मात्र पोचली असंच धरतात.

नुसत्या लिंकने माणूस प्रेक्षक होतो. त्याचा शब्द सभेत वाचला गेला तर तो सभासद राहतो. गाडीची सोय करणं चांगलंच, पण गाडीतून आणून मागच्या खुर्चीवर बसवलं आणि कोणी काही विचारलंच नाही, तर आपण फक्त शरीर पोचवलं.

म्हणून आजचा अभ्यास. पुढच्या कार्यक्रमाची वेळ ठरवण्याआधी शेवटची एसटी किती वाजता आहे ते बघा. सहा महिन्यांत विहारात न दिसलेल्या एका माणसाला फोन करा. 'का येत नाही' असं विचारू नका. 'यावेळी तुमच्याकडून सभेत काय सांगू?' असं विचारा आणि ते खरोखर सांगा. आणि वर्षातून एकदा आपणच जाऊया. तिबेटी सागा दावाची पौर्णिमा कधी आपल्या बुद्धपौर्णिमेशी जुळते, कधी नाही. जुळत नाही त्या वर्षी तर सबबही उरत नाही, आपला दिवस मोकळाच असतो. आधी विचारून, बोलावलं तर, हातात कॅमेरा न घेता जायचं आणि मागे बसून ऐकायचं.

सर्वांचं मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम.