वजाबाकीने ओळखलेली जनुकं

चाळीतल्या कांद्याचा वरचा पापुद्रा सोलला की खाली शिरांच्या कडेने काळी पूड दिसते. ती अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीची. शेतकऱ्याच्या लेखी ती नासाडीच. पण जगातलं बहुतेक सायट्रिक आम्ल हीच बुरशी बनवते. साखर भरपूर आणि माध्यम आंबट ठेवलं तर ती हे आम्ल मुबलक देते, हे जेम्स करी यांनी 1917 मध्ये दाखवलं आणि दोनच वर्षांत ब्रुकलिनमध्ये फायझरने उत्पादन सुरू केलं. ती काय देते हे शतकभर ठाऊक आहे. साखर पचवते कोणत्या जनुकांच्या बळावर, हे मात्र अजून उलगडतं आहे.

2007 साली तिचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. 14 हजारांहून अधिक जनुकं! पण यादी हाती आली म्हणून कोणाचं काम कोणतं हे कळत नाही. ट्रायकोडर्मा रीसी या दुसऱ्या औद्योगिक बुरशीतलं एक जनुक 2002 मध्ये यीस्टमध्ये घालून तपासलं गेलं आणि अराबिनोज या शर्करेच्या पचनातली एक पायरी त्याच्या नावावर लागली. 2013 मध्ये कळलं की खुद्द बुरशीत ती पायरी दुसरंच जनुक सांभाळतं. एखादं विकर परक्या पेशीत जे करू शकतं, तेच ते स्वतःच्या घरी करत असेल असं नाही.

म्हणून जनुक काढून पाहायचं. आपल्या नैयायिकांची अन्वय-व्यतिरेकाची कसोटी हीच: जे असताना कार्य घडतं आणि नसताना घडत नाही, ते कारण. आगरच्या थाळीत एकच शर्करा ठेवायची. मूळ वाणाची काळी, दाट चकती पसरते. जनुक गमावलेल्या वाणाचं पुसट जाळं उरलं, तर व्यतिरेक सिद्ध झाला.

उसाच्या चिपाडात सेल्युलोजखेरीज झायलोज असते आणि थोडी अराबिनोजही. नायजरमध्ये या दोघींच्या वाटा झायलिटॉलपाशी एकत्र येतात. पुढे झायल्युलोज होते आणि तिला फॉस्फेट जोडलं जातं. हे शेवटचं काम करणारं जनुक बिघडलं की बुरशी दोन्ही शर्करांवर वाढत नाही. इथे कसोटी चोख उतरते. पण एक पायरी अलीकडे, झायलिटॉलची झायल्युलोज करणारं मुख्य जनुक काढलं, तरी बुरशी झायलोजवर तगते. अराबिनोजच्या वाटेवरचं एक आणि सॉर्बिटॉलसाठीचं एक, अशी दोन जनुकं त्याची उणीव भरून काढतात. 2021 च्या सुमारास तिन्ही जनुकं काढली, तेव्हा कुठे ती वाट बंद झाली.

न्यायशास्त्रात हा पेच जुनाच आहे. अग्नी गवतापासून पेटतो, अरणीपासून पेटतो, मण्यापासूनही पेटतो. यांतलं एक नसतानाही अग्नी असतोच, मग कोणालाच कारण कसं म्हणायचं? त्यावरचं एक उत्तर असं की तिन्ही अग्नी वेगवेगळ्या जातीचे मानावेत. उत्तर देखणं आहे, पण बुरशीपुढे ते टिकत नाही. तिन्ही विकरांतून निघणारी झायल्युलोज एकच, अणूला अणू जुळणारी. कार्य एक आणि कारणं अनेक, हे इथे निमूट मान्य करावं लागतं. मला यात पद्धतीचा पराभव दिसत नाही. एक जनुक काढून फरक पडला नाही, एवढ्यावरून ते निरुपयोगी ठरवणं ही मात्र घाई आहे.

उलट प्रकारही घडतो. गॅलॅक्टोज पचवणारी जनुकं नायजरकडे आहेत, वाढलेलं कवकजाल ती वापरतंही. पण नुसत्या गॅलॅक्टोजवर बीजाणू रुजत नाहीत, कारण त्या अवस्थेत ही शर्करा आत घेण्याची सोय चालू नसते. एवढी गोष्ट जनुकांच्या यादीत कुठेच वाचता येत नाही.

आज बहुतेक बुरशींच्या जनुकांपुढची कामं केवळ साम्यावरून लिहिलेली आहेत. चिपाडापासून इथेनॉल करणाऱ्या, नवे वाण घडवणाऱ्या तरुण संशोधकांनी अशी नोंद वापरण्याआधी एकदा विचारावं: हे जनुक काढून कोणी पाहिलं आहे का, आणि कोणत्या शर्करेवर?