अनुयायाचे दायित्व

एखादा निर्दय, आत्ममग्न आणि असत्यभाषणात निष्णात मनुष्य राष्ट्राच्या किंवा नगराच्या सर्वोच्च आसनावर जाऊन बसला, की इतिहासकार, पत्रकार आणि सामान्य नागरिक एकच प्रश्न विचारतात : असा मनुष्य तेथवर पोहोचला कसा? प्रश्न रास्त आहे. परंतु तो ज्या स्वरात विचारला जातो त्यात एक प्रकारचे समाधान दडलेले असते. जणू अपराध सगळा त्या एकाच्या मनात होता आणि आपण केवळ त्याचे प्रेक्षक किंवा बळी होतो. हे समाधान कितपत खरे आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम त्या एकाच्या मनाविषयी. १९४१ मध्ये हर्वी क्लेक्ली या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने एका ग्रंथात अशा माणसांचे वर्णन केले, की ज्यांच्या बुद्धीत कसलाही बिघाड दिसत नाही, बोलण्यात आर्जव असते, वागण्यात सहज मोहकता असते. परंतु पश्चात्ताप, लज्जा आणि परदुःखाची जाणीव यांचा जेथे वास असावयाचा ती जागा रिकामी असते. ग्रंथाचे नावच ‘शहाणपणाचा मुखवटा’ अशा अर्थाचे होते. पुढे कॅनडातील रॉबर्ट हेअर यांनी या लक्षणांची वीस कलमांची मोजपट्टी तयार केली. ती मूळची तुरुंगातील कैद्यांसाठी होती. पण २००६ मध्ये पॉल बाबियाक यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकात हेअर यांनी तिचा प्रकाश व्यापारी कचेऱ्यांवरही टाकला. तुरुंगात ज्या गुणांमुळे मनुष्य जातो, त्याच गुणांमुळे तो कधी कधी संचालकाच्या खुर्चीतही जातो, असा त्या विवेचनाचा रोख होता.

हे ज्ञान उपयुक्त आहे. तथापि त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. १९६४ मध्ये अमेरिकेतील एका मासिकाने अध्यक्षपदाचे उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्या मानसिक योग्यतेविषयी मनोविकारतज्ज्ञांची मते मागवली आणि शेकडो तज्ज्ञांनी, त्यांना कधीही न तपासता, ती दिली. गोल्डवॉटर यांनी दावा लावला आणि तो जिंकला. १९७३ मध्ये तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने नियमच केला, की ज्याला आपण तपासले नाही त्याचे निदान जाहीरपणे करू नये. हा नियम तज्ज्ञांसाठी असला तरी त्यातील नीती सर्वांसाठी आहे. ज्या पुढाऱ्याचा आपण द्वेष करतो त्याला मनोविकृत ठरवणे हे निदान नसून बहुधा शिवी असते. आणि शिवी दिल्यावर विचार करण्याची गरज उरत नाही.

शिवाय, निदान खरे ठरले तरी मूळ प्रश्न सुटत नाही. दया न येणारी, सहज खोटे बोलणारी माणसे प्रत्येक पिढीत, प्रत्येक गावात असतात. त्यांतील बहुतेक आपल्या कुटुंबाला छळतात, भागीदारांना बुडवतात आणि विस्मृतीत जातात. एखाद्याच्याच हाती राज्य येते. मग तो फरक त्याच्या मनात शोधून कसा सापडेल? बी सर्वत्र पडते. ते रुजते कोठे, याचे उत्तर मातीकडे मागितले पाहिजे.

माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने सत्तेच्या मान्यतेचे तीन आधार सांगितले : परंपरा, कायदा आणि व्यक्तीचे अलौकिक आकर्षण, ज्याला आपण ‘करिष्मा’ म्हणतो. ग्रीक भाषेत हा शब्द ईश्वरी प्रसादासाठी आहे. वेबरच्या विवेचनातील मर्म असे, की करिष्मा पुढाऱ्याच्या अंगी किती आहे यापेक्षा अनुयायी तो किती मानतात हे निर्णायक असते. देवाचा प्रसाद देवाकडून येतो. राजकारणातील प्रसाद मात्र भक्तच देवाला देतात, आणि तो आपल्याला मिळाला असे समजून माथी लावतात.

मराठी इतिहासात या प्रश्नाचे एक कठोर उदाहरण आहे. घाशीराम सावळदास हा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण १७७७ मध्ये पुण्याचा कोतवाल झाला. नगराचे चौकी-पहारे आणि गुन्ह्यांचा तपास त्याच्या हाती आला. त्याच्या जुलमाच्या तक्रारी होत्या. परंतु नाना फडणीसांचा विश्वास त्याच्यावर होता आणि तो विश्वास चौदा वर्षे टिकला. १७९१ च्या ऑगस्टअखेर तैलंगी ब्राह्मणांचा एक जथा पकडून कोंडून ठेवण्यात आला. अपुऱ्या हवेच्या त्या कोठडीत वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली. पुणे पेटले. घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करण्यात आले आणि ३१ ऑगस्ट रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

या कथेत सर्वांत भयंकर काय? कोठडीतील मृत्यू तर भयंकरच. परंतु त्या दिवसानंतर नगराला वाटलेली सुटका मला अधिक अस्वस्थ करते. एक माणूस मेला आणि पाप फिटले! त्याची नेमणूक करणारे, त्याच्या बंदोबस्ताचा लाभ घेणारे, तक्रार दुसऱ्याची आहे तोवर दार लावून बसणारे, हे सगळे त्या दगडफेकीने शुद्ध झाले. विजय तेंडुलकरांनी १९७२ मध्ये रंगभूमीवर आणलेल्या नाटकातील कथा जशीच्या तशी इतिहास नव्हे, आणि त्यावरून वादही पुष्कळ झाले. पण घाशीराम जन्मत नाही, तो घडवला जातो, हे त्या नाटकाने मराठी मनात कायमचे रुजवले.

घडवणारे हात बहुधा प्रतिष्ठितांचे असतात. जर्मनीत नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाची मते जुलैतील ३७ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर उतरली होती. लाट ओसरू लागली होती. अशा वेळी फ्रांझ फॉन पापेन यांच्यासारख्या खानदानी राजकारण्यांनी हिशेब केला, की या माणसाची गर्दी आपण वापरू आणि त्याला मंत्रिमंडळात बांधून ठेवू. ३० जानेवारी १९३३ रोजी वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी त्याला चॅन्सेलर नेमले. दोन महिन्यांच्या आत, २३ मार्च रोजी, संसदेने ४४४ विरुद्ध ९४ मतांनी आपले अधिकार त्याच्या हवाली केले. विरोधाची ती ९४ मते सोशल डेमोक्रॅटांची होती. कम्युनिस्ट सदस्यांना सभागृहात येऊच दिले नव्हते. बाकीचे सर्व पक्ष, ज्यांत पुष्कळ सुशिक्षित व धर्मशील गृहस्थ होते, होकार देऊन मोकळे झाले. त्यांतील कोणी मनोविकृत नव्हता. ते केवळ व्यवहारी होते.

प्रतिष्ठितांचा हिशेब हा एक हात झाला. दुसरा हात सामान्यांच्या दुखण्याचा. हे दुखणे बहुधा खरे असते, ही गोष्ट विचारवंत विसरतात आणि लोकक्षोभक पुढारी कधीच विसरत नाही.

हे मला बंगळूरने शिकवले. होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांच्या नावांवरून ज्याचे नाव पडले त्या एचएसआर लेआउटमध्ये मी राहतो. अगर, सोमसुंदरपाळ्य अशा गावांच्या शिवारात आखलेली ही वसाहत आता नव्या उद्योगांसाठी ओळखली जाते. येथे मराठी, तेलुगू, हिंदी, बंगाली सर्व काही ऐकू येते आणि कन्नडाशिवाय वर्षानुवर्षे राहता येते. डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरात कन्नड पाट्यांच्या मागणीसाठी मोर्चे निघाले, इंग्रजी पाट्या फोडल्या गेल्या. जुलै २०२४ मध्ये खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना मोठा वाटा राखून ठेवणारे विधेयक राज्य मंत्रिमंडळाने संमत केले आणि उद्योगांच्या विरोधानंतर ते थांबवले. त्या दिवसांत आमच्या वसाहतीतील मराठी घरांतून रोष आणि भय दोन्ही होते. आम्ही येथे कष्ट करतो, कर भरतो. मग आम्ही परके कसे?

युक्तिवाद योग्य होता. मात्र तो मुंबईतील उडुपी खानावळवाल्याने आणि तमिळ टंकलेखकाने साठ वर्षांपूर्वी केला होता, आणि तेव्हा मराठी कान बंद होते. १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकातून मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या गेल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणाला नोकरी मिळत नव्हती हे दुःख खोटे नव्हते. कन्नड माणसाला आपल्याच राजधानीत आपली भाषा पाहुणी झालेली दिसते, हेही दुःख खोटे नाही. प्रश्न दुःखाचा नसून त्याच्या भाषांतराचा आहे. ‘आपल्याला काय हवे?’ हा प्रश्न कठीण असतो. त्याचे उत्तर शाळा, प्रशिक्षण, घरे, नियोजन अशा कंटाळवाण्या शब्दांत द्यावे लागते. लोकक्षोभक पुढारी त्याच्या जागी ‘हे कोणामुळे?’ असा सोपा प्रश्न ठेवतो, आणि उत्तरादाखल नावांची यादी देतो. यादी हाती आली, की माणूस वाचतो, मोजतो आणि आपल्या शेजाऱ्याचे नाव तीत शोधू लागतो. जो मुंबईत यादी वाचणारा असतो तोच बंगळुरात यादीतले नाव असतो, एवढाच काय तो भूगोलाचा फरक.

तिसरा हात आम्हा सुस्थितांचा. तो दगड उचलत नाही, मतही पुष्कळदा देत नाही. बंगळूर महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे हे प्रचंड नगर निवडून आलेल्या नगरसेवकांवाचून, प्रशासकांच्या हाताखाली चालले. आमच्यासारख्या सुशिक्षित वसाहतींत त्याबद्दल फारशी खंत दिसली नाही. रस्त्यावर पाणी तुंबले म्हणजे आम्हाला सभागृह आठवत नाही. आठवतो एखादा खमक्या अधिकारी, जो कोणाचे ऐकणार नाही. यशस्वी उद्योगांच्या संस्थापकांच्या कथाही आम्ही कौतुकाने सांगतो : तो कोणाची भीड ठेवत नाही, एका रात्रीत अर्धी कचेरी रिकामी करतो, अशक्य ते शक्य आहे असे छातीठोकपणे सांगतो. हेअर यांच्या मोजपट्टीतील किती कलमे या कौतुकात नकळत गुण म्हणून येतात, ते वाचकाने स्वतःच मोजावे. हुकूमशहाची हाक येण्यापूर्वी त्याची ओढ येते. आणि ती सभ्य माणसांच्या दिवाणखान्यात, कार्यक्षमतेचे नाव घेऊन येते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच ओढीविषयी सावध केले होते. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल. राजकारणात मात्र विभूतिपूजा अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी सांगितले. राज्यघटना पूर्ण झाल्याच्या आनंदात हे शब्द उच्चारण्यास धैर्य लागले असेल. पुरती सव्वीस वर्षेही लोटली नाहीत तोच आणीबाणी आली. जून १९७५ च्या त्या पहाटेनंतर संसदीय समितीच्या कामासाठी बंगळुरात आलेल्या मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी प्रभृतींना येथेच अटक झाली आणि येथील मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले. एक समाजवादी, दोन जनसंघाचे. एरव्ही परस्परांचे विरोधक. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी केंद्रीय मंत्री समोर असताना लेखनस्वातंत्र्याची बाजू मांडली. त्यांच्यापाशी ना पक्ष होता, ना जमाव.

महाराष्ट्राची भक्ती मुळात अशी आंधळी नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे. जनाबाई विठ्ठलाशी भांडते, त्याला खडसावते. नामदेव त्याच्यावर रुसतात. वारकऱ्याचा देव भक्ताची तक्रार ऐकून घेत विटेवर उभा आहे. राजकीय भक्ताला मात्र आपल्या दैवताशी भांडण्याची मुभा नसते. म्हणून त्या नात्याला भक्ती हा शब्द लावणे संतांवर थोडा अन्यायच होतो.

यावर एक आक्षेप येईल. करिष्म्यावाचून मोठे परिवर्तन झाले आहे काय? गांधीजी, स्वतः आंबेडकर, यांच्यामागे लाखो लोक गेले ते काय केवळ युक्तिवादाने? आक्षेप खरा आहे, आणि आकर्षण हाच दोष मानला तर त्याला उत्तर नाही. मग कसोटी कोणती? मला वाटते, नेता आपल्या अनुयायांना अप्रिय असे काही सांगू शकतो काय, ही ती कसोटी. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवून पोलिसांना मारले, तेव्हा ऐन भरात असलेले आंदोलन गांधीजींनी थांबवले. सहकारी संतापले, तुरुंगातून निषेधाची पत्रे आली. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद अजून चालू आहे. पण ज्याला गर्दीची भूक असते तो माणूस गर्दीला घरी पाठवत नाही. लोकक्षोभक पुढारी अनुयायांना सदैव निर्दोष ठरवतो. चूक नेहमी बाहेरच्यांची असते. त्याच्या मोहिनीचे रहस्य हेच, की तो आपल्याला स्वतःविषयी विचार करण्याच्या कष्टातून सोडवतो.

कसोटी नेत्यासाठी दिसली तरी ती लावावयाची आहे अनुयायाने. ज्या सभेतून आपण स्वतःवर अधिक खूश होऊन आणि कोणावर तरी अधिक रागावून परतलो, त्या सभेत आपल्याकडून काय घेतले गेले, हे त्याच रात्री स्वतःला विचारणे त्याला शक्य आहे. रुक्ष सभांना, कंटाळवाण्या नियमांना, धीम्या न्यायालयांना आणि चुका करणाऱ्या नगरसेवकांना सोसणे शक्य आहे. आपली यादीतील नावाशी ओळख असेल तर ते नाव मोठ्याने उच्चारून ‘हा माझा शेजारी आहे’ असे म्हणणेही शक्य आहे. यांपैकी एकाही गोष्टीला करिष्मा लागत नाही. निर्दय मने पुढेही जन्मतील. त्यांवर कोणत्याही राज्यघटनेचा इलाज चालणार नाही. त्यांना आसन द्यावे की नाही, एवढा निर्णय मात्र अद्याप इतरांच्या हाती आहे, आणि तो एका मोठ्या दिवशी एकदाच करावा लागत नाही. तो रोज, लहान लहान बाबतींत, बहुधा कोणी पाहत नसताना करावा लागतो.